बारा शब्दांची मागची बाजू

अक्षरमामांचं एक ठाम मत होतं आणि ते न मागताही मिळायचं. देव पाट्या वाचत नाही, पाट्या शेजारी वाचतात. प्रार्थनाघराच्या भिंतीवर लागलेल्या पितळी पाट्या सगळ्या मामांनीच कोरलेल्या. कुणी दार दिलं होतं, कुणी बाक दिले होते, आणि एकानं नुसता पंखा देऊन नाव मात्र पंख्याएवढं लावून घेतलं होतं. या पंखेवाल्यानं तीनदा येऊन अक्षरं मोठी करून घेतली. वारा कमी आणि नाव जास्त, असं मामा म्हणायचे. एकेचाळीस वर्षं हेच काम केल्यामुळे गावात कुणाची भक्ती किती इंचांची आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं.

म्हणून मामा नास्तिक होते असं कुणी समजू नये. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते प्रार्थनाघरात जात, शेवटच्या बाकावर पाच मिनिटं डोळे मिटून बसत आणि उठत. मागणं काही नसायचं. नुसती हजेरी. आपण आहोत एवढं वर कळवून ठेवलं की पुढचं तो बघून घेतो, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला बॅगा शिवणारा, आणि मधल्या साडेचार फुटांत मामा. समोर टेबल, टेबलावर वाळू भरलेली चामड्याची उशी, तिच्यावर पाटी, उजव्या डोळ्याला भिंग. नावाच्या पाट्या, शाळांचे करंडक, घड्याळांच्या पाठी, अंगठ्यांच्या आतली बारीक अक्षरं, सगळं या उशीवर झालं. भिंग इतकी वर्षं लावून उजवा डोळा किंचित बारीक झाला होता. त्यामुळे मामा कुणाकडेही बघत असले तरी समोरच्याला वाटायचं, आपल्यात काहीतरी चूक सापडली आहे.

त्यांना एक खोड होती. काम पुरं झालं की ते पाटीवर वहीचं कोरं पान दाबून धरत आणि काजळ घातलेल्या मेणाची वडी त्यावरून फिरवत. सगळं पान काळं होई आणि कोरलेली अक्षरं तेवढी पांढरी राहत. याला मामा ठसा म्हणत. काम गिऱ्हाइकाचं, ठसा आपला, हे त्यांना त्यांच्या गुरूनं शिकवलं होतं. अशा ठशांच्या अकरा वह्या झाल्या होत्या. हात धुण्यासारखी सवय ती. करताना कळायचंही नाही.

अकरापैकी तिसरी वही मात्र नेहमी टेबलाच्या खणात, हाताशी. तिच्यात एक ठसा मामीच्या डब्याचा होता. मामी टेलिफोनच्या कचेरीत पहिल्या पाळीला जायची, पहाटे साडेपाचला घराबाहेर. म्हणून लग्नानंतर डबा करायचं काम मामांकडे आलं, आणि मामांच्या हाताला अक्षरं होती तशी चव नव्हती. आठवडाभर मामीनं मीठ कमी असल्याची तक्रार केली. आठव्या दिवशी तिनं कचेरीत डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेलं होतं, "आज मीठ कमी पडलं असेल. रागावू नकोस." संध्याकाळी येऊन तिनं विचारलं की उद्याचं काय. मामा म्हणाले की म्हणूनच कोरलंय, रोज चालेल. ते चोवीस वर्षं चाललं.

मग तो डबा एकदा बसमध्ये राहिला तो राहिलाच. मामी वस्तूंसाठी रडणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी रडली. आता सहा वर्षं होत आली, मामीही नव्हती. उरला होता हा ठसा. दुकान बंद करण्याआधी मामा खण उघडायचे, वही हातात घ्यायचे, आणि वही इतक्या वेळा त्याच पानावर उघडली गेली होती की हात लावताच आपोआप तिथेच उघडायची. अंगठा एकदा त्या ओळीवरून फिरवायचा आणि शटर ओढायचं.

आता धंद्याचं. प्रार्थनाघरात पडदा आला. फोन समोर धरायचा, आकडा घालायचा, की पडद्यावर दहा सेकंद तुमचं नाव झळकतं आणि मग पुढच्या माणसाचं येतं. पितळ नको, मामा नकोत. सुरुवातीला मामांनी या दहा सेकंदांच्या पुण्याची भरपूर टिंगल केली. पण वर्षभरात पाट्यांचं काम एवढं आटलं की टिंगल करायलाही उत्साह राहिला नाही. बारावी वही आणायची त्यांनी टाळली. महिन्याला चार ठसे, त्यासाठी नवी वही कशाला? जुन्या वह्यांची पानं पाठकोरी होती, ती वापरू लागले.

अशात ती बाई आली. अंगावर नर्सचा गणवेश, पायात पांढरे बूट, हातात लिफाफा. प्रार्थनाघराच्या कारभाऱ्याला विचारून आले, म्हणाली. गावात सगळ्यात विश्वासाचा माणूस कोण, असं विचारल्यावर त्यानं मामांचं नाव सांगितलं होतं. तिला पोलादी पाटीवर बारा शब्द कोरून हवे होते, पाच वाजेपर्यंत. स्वतःचं नाव तिनं सांगितलं नाही. आणि म्हणाली, "वाचू नका."

मामांनी भिंग कपाळावर सरकवलं. "बाई, न वाचता कोरायला मी छापखाना आहे का?"

"म्हणजे अक्षरं बघा. अर्थ लावू नका."

अर्थ लावायला त्यात काही नव्हतंच. छत्री, वाळू, बेडूक, खिडकी, असं काहीबाही. मामांना वाटलं, एखाद्या लहान मुलाला शिकवायचं असेल. पोलाद पितळेसारखं मऊ नसतं, छिन्नी सतत घसरते. पाचाला दहा मिनिटं कमी असताना बारावा शब्द संपला, आणि घाईत मामांनी खणातली वही काढली. वही आपली नेहमीच्या पानावर उघडली. मामांनी पान उलटलं, मागची कोरी बाजू वर ठेवून ते पाटीवर दाबलं, मेण फिरवलं, वही खणात टाकली. हातानं केलं हे सगळं. डोकं पोलादावरच्या एका वाकड्या रेघेत अडकलेलं होतं.

बाई आली. एकेक अक्षर लिफाफ्यातल्या कागदाशी ताडून बघितलं. मग मामांच्या राळ वितळवायच्या बत्तीवर तिनं तो कागद धरला आणि जळून जाऊ दिला. पैसे देताना तिनं विचारलं की याची नक्कल कुठे ठेवली नाहीत ना. मामा नाही म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

एवढं झाल्यावर मामांना राहवेना. हे आहे तरी काय, त्यांनी विचारलं. बाई जरा घुटमळली. मग म्हणाली की हे पैसे आहेत. बँकेतले नाहीत, खिशातले नाहीत, कुठल्याच तिजोरीतले नाहीत, नुसते यंत्रांच्या जाळ्यात नोंदलेले. हे बारा शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे. हरवले तर अर्ज करायला साहेब नाही, पासबुक नाही, कुणी नाही.

"म्हणजे दिसत नाही, हाती लागत नाही, कुणी बघितलेलं नाही," मामा म्हणाले, "शब्द म्हणायचे आणि आहे म्हणून धरून चालायचं. हे तर आमच्या शेवटच्या बाकासारखंच झालं."

बाई पहिल्यांदा हसली, पाटी पिशवीत घालून निघून गेली. मामा खूश झाले. आपण काहीतरी शहाणं बोललो असं त्यांना फार क्वचित वाटायचं.

ही खुशी तासभर टिकली. दुकान बंद करायची वेळ झाली, मामांनी खण उघडला, वही उघडली, आणि अंगठा फिरवला तर मिठाच्या जागी बेडूक लागला. मामांनी पान उलटलं. मामीची ओळ होती. परत उलटलं. बारा शब्द होते. काळ्यावर पांढरे, एकही अक्षर न तुटलेले, मामांच्या हयातीतला सगळ्यात सुबक ठसा.

घरी मामा आणि सूनबाई अशी दोघंच. मुलगा नोकरीसाठी दूर, वर्षातून दोनदा यायचा. सूनबाई फोनच्या कंपनीत तक्रारी ऐकायचं काम करायची, त्यामुळे कुठल्याही संकटात ती आधी समोरच्याला शांत करायची आणि मग दोष कुणाचा ते ठरवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाई बरोबर बोलत होती. ते पान ज्याच्या हाती लागेल, तो चहा पिता पिता तिचे सगळे पैसे काढून घेऊ शकतो. पान जाळायला हवं. मामांनी पान तिच्यापुढे उलटलं. तिनं मामीची ओळ वाचली.

मग तिनं मार्ग काढला. मामीच्या बाजूचा फोटो घ्यायचा, छान मोठा करून भिंतीला लावायचा, आणि पान जाळायचं. फोटो घेतलाही. ओळ स्पष्ट आली होती, एकही वेलांटी सुटली नव्हती. मामांनी फोन हातात धरला आणि सवयीनं अंगठा फिरवला. फोटो भलतीकडेच सरकला आणि गॅसच्या पावतीचा फोटो समोर आला.

"आहे सगळं," मामा म्हणाले, "पण हाताला काचच लागते."

सूनबाईनं पुन्हा फोटोचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा बाईला शोधायला निघाले. गावात तीन दवाखाने. एकेका दवाखान्याच्या फाटकाशी ते दोन-दोन दिवस उभे राहिले, पण पाळी सुटली की पन्नास बाया बाहेर पडायच्या आणि पन्नासांच्या पायांत पांढरेच बूट. पहारेकऱ्यानं विचारलं, कोण हवंय. नाव माहीत नाही. काय काम आहे? सांगता येत नाही. तिसऱ्या दवाखान्याच्या पहारेकऱ्यानं त्यांना काका, या वयात बरं दिसत नाही, असं सांगून वाटेला लावलं. मामांनी हे घरी सांगितलं नाही, पण चष्मेवाल्यानं सांगितलं.

मग त्यांनी कारभाऱ्याला गाठलं. बाईला तोही ओळखत नव्हता. चौकशी करून गेली, एवढंच म्हणाला. मामांनी त्याला आडून विचारलं की माणूस नकळत खोटं बोलला तर ते खोटं धरायचं का. कारभारी पंखेवाल्याच्या पाटीखाली झाडू मारत होता. तो म्हणाला, कळलं नव्हतं तोवर ते खोटं नव्हतं, कळल्या दिवसापासून ते खोटं. आणि झाडत पुढे गेला. मामा शेवटच्या बाकावर बसले, पण हजेरी लावायची त्यांना लाज वाटली.

मामांनी आणखी एक खटपट केली. पान टेबलावर पसरून त्यांनी त्या बारा पांढऱ्या शब्दांवर मेणाची वडी घासली, सगळं काळंठिक्कर होईपर्यंत. पण पोलादावर मामांनी अक्षरं खोल मारली होती. पान उजेडाकडे जरा तिरकं केलं की काळ्यातही प्रत्येक शब्द उठून दिसायचा. स्वतःच्या चांगल्या कामाचा असा राग सहसा कुणाला येत नाही.

जाळायचं तर होतंच. मामांनी काड्यापेटी आणून खणात ठेवली. आधी ठरलं महिन्याच्या एक तारखेला. एक तारखेला पितळेचं काम होतं. मग ठरलं, मामीच्या जाण्याला सहा वर्षं पुरी होतील त्या दिवशी. त्या दिवशी त्यांनी खण उघडला, पान उघडलं, काडी ओढली, काडी बोटापर्यंत जळत आली तरी हात पुढे होईना. बोट भाजलं, पान राहिलं. त्या दिवसापासून खणाला कुलूप लागलं आणि किल्ली मामांच्या गळ्यात आली. आंघोळीलाही ती उतरेना. धनावर नाग बसावा तसे बसलात, असं सूनबाई चिडवायची. मामा म्हणायचे की नागाला निदान डसता तरी येतं.

खरं सांगायचं तर मामांना त्या पैशांचा मोह एकदाही झाला नाही. दुकानाचं भाडं थकायच्या बेतात होतं तेव्हासुद्धा नाही. त्यांना छळत होतं ते वेगळंच. एकेचाळीस वर्षांत ज्याच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्याचा शब्द एका अनोळखी बाईपाशी खोटा पडला होता, आणि तो खरा करायचा तर बायकोची ओळ जाळायची होती. यातून तिसरी वाट त्यांना दिसत नव्हती.

साडेतीन महिन्यांनी बाई आली. भर दुपारी, गणवेश न घालता. मामांनी तिला लगेच ओळखलं आणि त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. बाई न विचारताच स्टुलावर बसली. तिनं पाटी स्वयंपाकघरात जुन्या परातींच्या खाली लपवली होती. चोर तिथे बघत नाही, हा तिचा विचार. चोरानं नाहीच बघितलं. तिच्या आईनं परवा घर आवरलं आणि जुन्या भांड्यांबरोबर ती पाटी भंगारवाल्याला वजनावर घातली. भंगारवाला सापडला, माल सापडला नाही. तो भट्टीला गेला होता. आईला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं, नक्कल ठेवली नाही ना," बाई म्हणाली. "तुम्ही खोटं बोलला असाल, अशी प्रार्थना करत आले मी इथवर."

 मामांनी किल्ली काढली, खण उघडला, वही टेबलावर ठेवली. वही आपोआप उघडली. मामांनी पान उलटून बाईपुढे केलं आणि उजेड पडेल असं तिरकं धरलं.

बाईनं बारा शब्द हलक्या आवाजात वाचले. छत्री, वाळू, बेडूक, खिडकी. शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग ती रडायला लागली, आणि पैसे मिळाले म्हणून कुणी असं रडत नाही, हे मामांना कळलं. तिचा भाऊ जहाजावर कामाला होता. घरी पैसे पाठवायला सोपं म्हणून तो कमाई या चलनात साठवत गेला, त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. परदेशातल्या दवाखान्यातून त्यानं बहिणीला फोन केला, तेव्हा त्याच्याकडे फारसा श्वास उरलेला नव्हता. त्यानं हे बारा शब्द सांगितले. लिहिलेस का, विचारलं. पुन्हा पहिल्यापासून सांगितले. आणि फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

"शेवटचं बोलणं म्हणजे छत्री आणि बेडूक," बाई म्हणाली. "काळजी घे, एवढंही म्हणाला नाही."

मामांनी भिंग काढून ठेवलं. "बाई, दुसरं काय म्हणाला तो? बारा वेळा तेच म्हणाला. परत एकदा बारा वेळा म्हणाला."

बाईनं डोळे पुसले. शेजारी बॅगवाल्याचं यंत्र चालू होतं. मग मामा कामाला लागल्यासारखे बोलू लागले. नवी पाटी आजच्या आज करून देतो, मजुरी नको. पाटी झाली की हे पान तुमच्यासमोर जाळतो. हे बघा, काड्यापेटी इथेच आहे. चुकून राहिलं होतं, सवयीनं झालं, त्या दिवशी खोटं बोलायचं मनात नव्हतं. मी जाळणारच होतो. हे शेवटचं सांगताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग साडेतीन महिने जाळलं का नाही, हे बाईनं विचारलं नाही. तिनं पान उलटलं आणि वाचलं. मीठ कमी पडलं असेल. रागावू नकोस. तिनं मामांकडे बघितलं. मामांनी दोन वाक्यांत सांगितलं. डबा तिचा होता. स्वयंपाक मी करायचो.

बाईनं पान आणखी एकदा इकडून तिकडे, तिकडून इकडे करून बघितलं. मग वही मिटली आणि मामांच्या पुढ्यात सरकवली.

"पाटी नको," ती म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे हे. मी लपवलेलं माझ्या आईनं भंगारात घातलं. तुम्ही हे पान कधी हरवणार नाही."

मामांनी हात हलवले. हे बरोबर नाही, म्हणाले. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या माझी बुद्धी फिरली तर? बाई म्हणाली की फिरेल तेव्हा बघू. मग तिनं टेबलावरची पेन्सिल घेतली आणि वहीच्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला. तिचं अक्षर वाईट होतं आणि मामांच्या ते लगेच लक्षात आलं.

सूनबाईनं हे ऐकून कपाळावर हात मारला. तिच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता, दोघांचाही. पण दुसऱ्याच दिवशी तिनं बाजारातून पाण्याला आणि आगीला दाद न देणारी लोखंडी पेटी आणली. वही आता तिच्यात असते, आणि दुकान बंद करण्याआधी मामा पेटी उघडतात. जूनमध्ये भाचीची पहिली फी भरली गेली. त्या दिवशी बाई दुकानात आली होती. पानावरचे शब्द बघून तिनं फोनवर काहीतरी केलं, आणि मग वहीतलं ते पान मामीच्या बाजूनं वर करून ठेवलं.

अधूनमधून तिचा फोन येतो. पान नीट आहे ना, असं फोनवर उघड विचारू नये, हे सूनबाईनं दोघांना बजावून ठेवलंय. म्हणून बाई भलतंच विचारते. मामा, मीठ कसं आहे, असं विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. झाकणावरची ती ओळ जिच्यासाठी कोरली होती तिच्याखेरीज मामांनी ती कुणाला कधी म्हटली नव्हती. सूनबाई समोर भाजी निवडत होती, तिनं हात थांबवला.

"कमी पडलं असेल," मामा फोनमध्ये म्हणाले. "रागावू नकोस."